समुद्रावरील सोंग

छत्रपती संभाजीनगरजवळ खुलताबाद येथे औरंगजेब बादशहाची साधी कबर आहे. या बादशहापाशी अफाट फौज होती. परंतु भूमीवर चालणारी सत्ता समुद्रावर चालतेच असे नाही. 1695 साली त्याला याचा कटू अनुभव आला.

हेन्री एव्हरी हा एका इंग्रज जहाजावरील दुय्यम अधिकारी होता. पगार थकल्यामुळे खलाशी चिडले होते. त्यांना हाताशी धरून 1694 च्या मे महिन्यात त्याने स्पेनच्या किनाऱ्यावरून ते जहाज पळविले व त्याचे नावही बदलले. पुढे त्याने तीन इंग्रज गलबते लुटली. आणि त्यानंतर, 'मी इंग्रजांच्या वा डचांच्या जहाजास कधीही उपद्रव दिलेला नाही,' अशा आशयाचे पत्र लिहिले! असा हा साळसूद चाचा.

सप्टेंबर 1695 मध्ये बादशहाचे 'गंज-इ-सवाई' हे प्रचंड जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होते. त्यावर 80 तोफा होत्या, असे इतिहासकार खाफीखान सांगतो. एव्हरी व त्याचे साथीदार यांनी ते गाठले. दैवच फिरले! जहाजावरील एक तोफ फुटून आपलीच माणसे दगावली. शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली. चाचे जहाजावर चढले. कित्येक दिवस त्यांनी लूट केली आणि निरपराध स्त्री-पुरुषांचा अनन्वित छळ केला. खाफीखानाच्या मते 52 लाख रुपयांचे सोने-चांदी गेले.

वार्ता पोहोचताच सुरतेत क्षोभ उसळला. तेथील वखारीतील इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या पडल्या. लूट केली एव्हरीने, तुरुंगवास घडला भलत्यांनाच! अखेर यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याचे इंग्रज कंपनीला कबूल करावे लागले.

एव्हरी मात्र 'हेन्री ब्रिजमन' या नावाने बहामा बेटांवर उतरला, तेथील गव्हर्नरास लाच देऊन निसटला आणि कायमचा नाहीसा झाला. त्याच्या एका साथीदाराने कोटात शिवून ठेवलेली सोन्याची नाणी मोलकरणीच्या लक्षात आली व तो पकडला गेला. नोव्हेंबर 1696 मध्ये पाच जणांना लंडन येथे फाशी झाली.

1724 सालच्या एका इंग्रजी ग्रंथात एव्हरीच्या अंताची एक आख्यायिका आहे. त्याने आपली रत्ने विकण्यासाठी व्यापाऱ्यांकडे दिली. त्यांनी ती गिळंकृत केली. दाद मागावी, तर स्वतःचे बिंग फुटणार! शवपेटीपुरताही पैसा न उरता तो मेला, असे त्यात म्हटले आहे. ही कथा खरी असो वा नसो, आपल्याकडील म्हण तिला तंतोतंत लागू पडते : सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही.

शब्दार्थ
साळसूद – वरकरणी निरुपद्रवी दिसणारा. वखार – व्यापारी मालाचे कोठार. अनन्वित – अत्यंत क्रूर.

स्वाध्याय
1. एव्हरीने कोणकोणती सोंगे घेतली?
2. एव्हरीच्या अपराधाची शिक्षा आणखी कोणाकोणाला भोगावी लागली?
3. 'बिंग फुटणे', 'हाताशी धरणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.