एका बोटाची किंमत

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच कळला, म्हणून मराठीतच लिहितोय.

सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत भोसरीच्या एका लहान प्रेस शॉपमध्ये ट्रेनिंगला गेलो होतो. तिथल्या एका ऑपरेटर काकांची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. बिचकत विचारलं, तर हसून म्हणाले, "चूक माझीच, इंजिनिअर साहेब. घाई केली. मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं, वर दहा हजार दिले. अजून काय पाहिजे?"

मीही मान डोलावली. मग मशीन नीट पाहिलं.

जुन्या पॉवर प्रेसचं फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की 'रोलिंग की' क्लच लागतो आणि रॅम खाली येतो. एकदा क्लच लागला की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम मध्येच थांबवता येत नाही. म्हणजे अशा प्रेसला लाइट कर्टन लावूनही फायदा नाही. डायपर्यंत हात पोचणारच नाही, असं पक्कं गार्डच पाहिजे. आणि ते गार्ड? कोपऱ्यात धूळ खात पडलेलं! ते लावलं की तासाला नग कमी निघतात ना! दिवसभर तेच ते काम केल्यावर माणसाचा हात कधीतरी चुकणारच. तो चुकला तरी बोट वाचावं, यालाच डिझाइन म्हणतात.

आता कायदा बघू. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचं तत्त्व असं की, काम करताना आणि कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. कामगार बेसावध होता, एवढ्याने हक्क जात नाही. नशेत असणं, सुरक्षेचा आदेश जाणूनबुजून मोडणं, स्वतः मुद्दाम गार्ड काढणं हे अपवाद आहेत. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही चालत नाहीत. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तत्त्व तेच राहिलं.

आता आपल्या आवडीचं, म्हणजे गणित. समजा कामगार आपल्याच वयाचा, २० वर्षांचा, पगार महिना १२,००० रुपये. पगाराचे ६० टक्के ७,२००. या वयाचा गुणक २२४. गुणाकार १६,१२,८००. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं तक्ता सांगतो (अंगठ्याला ३० टक्के). म्हणजे भरपाई २,२५,७९२ रुपये, आणि उपचाराचा खर्च वेगळा. काकांचं वय जास्त, त्यामुळे गुणक कमी येईल. तरी दहा हजार नक्कीच नाही!

कामगार ईएसआयमध्ये असेल तर ही जबाबदारी मालकाऐवजी ईएसआय उचलते. उपचार मिळतात, तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमच्या अपंगत्वाला आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. पण 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यात दिसतं की बोटं सगळ्यात जास्त पॉवर प्रेसवरच जातात, आणि कितीतरी जणांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावर मिळतं.

अजून तीन गोष्टी लक्षात ठेवा. भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला तरी तो कायद्याने चालत नाही. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालक हात झटकू शकत नाही. आणि भरपाई वेळेत दिली नाही तर व्याज लागतं, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

ट्रेनिंग संपायच्या आधी एका कागदावर हे गणित मांडून काकांना दिलं. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर..."

मित्रांनो, दोन वर्षांनी आपल्यातलेच काही जण शिफ्ट इंजिनिअर होतील. टार्गेटसाठी गार्ड काढायला सांगणारे आपणच असू, आणि रजिस्टरमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिणारेही आपणच. तेव्हा पेन उचलण्याआधी एकदा स्वतःची दहा बोटं मोजून बघा.