मोटारीच्या रंगावरील डाग व त्यांची पारख

शेतावरची मोटार सावलीसाठीं झाडाखालीं उभी केली जाते, आणि बहुधा तेथेंच तिच्या रंगाचें नुकसान होतें. पाखरांची विष्ठा, मोहोराचा चिकटा, डिंक, विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे वण व मधमाश्यांचे पिवळे ठिपके हे सर्व आम्हां शेतकऱ्यांना सारखेच वाटतात, व उपायही एकच सुचतो. तो म्हणजे काथ्या घेऊन घासणें. आम्हींही एकदां हाच प्रयोग केला. डाग गेला; परंतु वीतभर जागेची चकाकीही त्याबरोबर गेली.

हल्लींच्या बहुतेक मोटारींच्या रंगावर पारदर्शक वार्निशाचा थर असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केल्यास त्यांतील सुमारें ४० ते ५० भाग एवढीच त्याची जाडी. म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. घासण्यानें हाच थर झिजतो. म्हणून प्रथम गाडी धुवावी, सावलींत वाळूं द्यावी व डागावरून हलकेंच बोट फिरवावें. उंचवटा लागला तर डाग रंगाच्या वर आहे व तो सुटेल. खळगा लागला तर डागानें रंग खाल्ला आहे. तेथें धुण्याचा उपयोग नाहीं.

पाखरांच्या विष्ठेंतील पांढरा भाग मुख्यतः यूरिक आम्लाचा असतो. पण खरी हानि उन्हाच्या संगतीनें होते. तापलेलें वार्निश मऊ होऊन फुगतें, वर विष्ठा वाळून घट्ट होते, आणि सायंकाळीं वार्निश आकसतांना तिचा ठसा त्यांत उमटतो. यास्तव उन्हाळ्यांत ती त्याच दिवशीं काढावी. ओलें फडकें दहा मिनिटें डागावर ठेवून मग अलगद उचलून घ्यावें. पुसूं नये, कारण विष्ठेंत वाळूचे कण असतात.

चिकट डाग दिसतांच वर झाडाकडे पाहावें. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे जो गोड रस टाकतात तोच हा चिकटा. तो साखरेचा असल्यानें कोमट पाण्यानें विरघळतो. गाडीच्या कांचेवर चिकटा आढळला तर गाडी मागाहून धुवावी, आधीं मोहोर तपासावा. पुढें त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते. बाभळीचा किंवा शेवग्याचा डिंक पाण्यानें फुगतो, म्हणून त्यावर अर्धा तास ओलें फडकें पुरतें. पाण्यानें न भिजणारी राळ असेल तर मात्र फडक्यावर थोडें स्पिरिट घेऊन, आधीं आडबाजूस परीक्षा करून, पुसावी व लगेच धुवावी.

जड पाण्याचे वण चुन्याचे असतात. व्हिनेगरांत तितकेंच पाणी मिसळून फडक्यानें मिनिटभर लावावें व स्वच्छ पाण्यानें धुवावें. तेवढ्यानें न गेल्यास याहून तीव्र आम्ल वापरूं नये.

आतां पिवळ्या ठिपक्यांविषयीं. आमच्या शिवारांत यावरून एकदां भांडण जुंपलें होतें. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यानें उडून आली, असा गाडीच्या मालकांचा ग्रह झाला. वस्तुतः जवळच्या वडावर आग्या माश्यांचीं मोठीं पोळीं होतीं. या माश्या कधीं कधीं एकदम थव्यानें उडून मलोत्सर्ग करतात, व खालीं तिळाएवढ्या पिवळ्या थेंबांची सर पडते. या बाबतींत मोठमोठे लोकही फसले आहेत. १९८१ सालीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनीं, लाओस व कंबोडियांत सोविएत साहाय्यानें विषारी ‘पिवळा पाऊस’ पाडला जातो, असा आरोप केला. थेंबांच्या नमुन्यांत परागकण निघाले. हे थेंब मधमाश्यांची विष्ठा असावेत असें प्रतिपादन शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांनीं केलें, आणि १९८४ सालीं थायलंडांत त्यांनीं व मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांनीं तशी सर प्रत्यक्ष अनुभविली.

परागकणाचें कवच फार चिवट असतें. तीव्र आम्लें व क्षार यांनाही तें दाद देत नाहीं. तेव्हां धुण्याचा सोडा लावून रंगच बिघडतो. साबणाच्या पाण्यानें ठिपके पंधरा-वीस मिनिटें ओले ठेवावे, मग मऊ फडक्यानें उचलावे. मागें राहिलेली पिवळी छटा बहुधा उन्हानें विटत जाते. पोळें जाळण्याचा सल्ला चालक मंडळी हटकून देतात. तो ऐकूं नये. कांद्याचें बियाणें व सूर्यफूल यांचें परागीकरण या माश्या उत्तम करतात. त्यापेक्षां गाडी वडापासून लांब उभी करावी, अथवा तीवर कापड घालावें.

खळगा पडलेल्या जागीं बारीक पॉलिश हातानें, थोड्याच जागेवर लावून पाहावें. फडक्यावर गाडीचा रंग उतरूं लागला तर वार्निशाचा थर मुळांत नाहीं किंवा तो संपला, असें समजून तेथेंच थांबावें व त्या जागेवर मेण चढवावें.