जीर्ण वस्त्रांचा उपयोग
वाचन: यिर्मया 38:7-13, उत्पत्ती 18:9-15

1761 च्या लढाईपासून ‘पानिपत होणे’ म्हणजे सर्वनाश, असे आपण मराठी माणसे समजतो. पण त्याच पानिपतात टाकून दिलेल्या वस्त्रांना आज नवा जन्म मिळतो. फुलाफुलांची एखादी रंगीत शबनम पिशवी पाहा. तिचा धागा जुन्या कपड्यांचा असू शकतो. परदेशांत टाकलेले कपडे कांडला बंदरातून तेथे येतात. स्त्रिया गुंड्या कापून काढतात आणि रंगांनुसार ढीग लावतात. मग यंत्रे कापड पिंजतात व त्याचे पुन्हा सूत होते. पिंजताना तंतू आखूड होतात. पूर्वीचे वस्त्र परत मिळत नाही, परंतु उपयोग संपत नाही.

यिर्मया विहिरीच्या चिखलात रुतला, तेव्हा एबद-मलेखाने राजवाड्यातील भांडाराखालून फाटकी, जीर्ण वस्त्रे आणली. दोर काचू नयेत म्हणून ती काखेत धरण्यास त्याने संदेष्ट्याला सांगितले. वर ओढावयास दोर पुरेसा होता. चिंध्या ही दयेची भर होती.

येथील ‘जीर्ण’ या इब्री शब्दाचा धातू सारा स्वतःविषयीही वापरते. भाषांतरकाराला वस्त्रासाठी एक आणि माणसासाठी दुसरा, सौम्य शब्द योजावासा वाटतो. सारेने मात्र तो कठोर शब्दच घेतला. आणि त्या जीर्ण देहातूनच इसहाक जन्मला.

मनन करा: आपल्या घरात, मंडळीत ‘आता निरुपयोगी’ म्हणून आपण कोणाला भांडाराखाली ठेवले आहे?