आधी हवा, मग हीटर

ओंटारिओतल्या हॅमिल्टनच्या कारखान्याची देखभाल तुझ्याकडे आली आणि आल्या आल्या हीटरवाल्यांनी टेबलावर कॅटलॉगांचा ढीग घातला, असं ताई फोनवर सांगत होती. ते कॅटलॉग सध्या कपाटात ठेव. कुठला हीटर घ्यायचा हा शेवटचा प्रश्न आहे. तयार झालेली ऊब जाते कुठे, हा पहिला. भोसरीतून इकडे आलो तेव्हा मला सगळा उफराटा कारभार वाटला होता. तिकडे पत्र्यावर टर्बो व्हेंटिलेटर बसवून शेडमधली उष्णता बाहेर कशी घालवायची याची चिंता. इकडे तीच वर चढून बसलेली उष्णता खाली कशी आणायची याची.

आधी कागद-पेन्सिल घे. शेड १०० मीटर लांब, ६० रुंद, १० उंच धरू, म्हणजे ६०,००० घनमीटर हवा. बाहेर उणे १७, आत १८, फरक ३५ अंशांचा. छपराला आणि भिंतींना बऱ्यापैकी इन्सुलेशन असेल (यू-व्हॅल्यू छपराची ०.३, भिंतींची ०.५), तर दोन्हींतून मिळून साधारण १२० किलोवॉट बाहेर जातात. आता हवेचं बघ. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला ०.३३ वॉट-तास लागतात, हा आकडा पाठच करून टाक. शेडमधली सगळी हवा तासाला एकदा बदलत असेल तर झाले जवळजवळ ७०० किलोवॉट. दोन तासांतून एकदा बदलत असेल तरी ३५०. छपराच्या इन्सुलेशनवर मीटिंगमध्ये तासभर वाद घालणारी माणसं मी पाहिलीत, आणि त्या वेळी खाली डॉकचं दार सताड उघडं!

एक्झॉस्ट पंख्यांचा हिशेब तर कुणी करतच नाही. ताशी १०,००० घनमीटर हवा बाहेर फेकणारा एकच पंखा या थंडीत ११५ किलोवॉट घेऊन जातो. म्हणजे सबंध छप्पर आणि भिंती मिळून जेवढं जातं, जवळपास तेवढं. वेल्डिंगचा धूर, रंगाच्या बूथमधली वाफ बाहेर जायलाच हवी, त्यात काटकसर करायची नाही. पण शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर तो पंखा कोण बंद करतं, ते विचार. बहुतेक ठिकाणी ‘कुणीच नाही’ असं उत्तर येतं. थंडी तशीच राहिली तर सोमवार सकाळपर्यंतच्या साठेक तासांत साडेसातशे-आठशे घनमीटर गॅस फुकट गेला. पंख्याला मशीनशी इंटरलॉक दे. काम थांबलं की थोड्या वेळाने तोही थांबेल. नवीन बॉयलरच्या मानाने हा खर्च चहापाण्याचा.

आणि जेवढी हवा पंखे बाहेर टाकतात तेवढी कुठून ना कुठून आत येणारच. तू वाट ठेवली नाहीस तर ती दाराच्या फटींतून येते, डॉक लेव्हलरच्या कडांतून येते आणि सगळ्यात वाईट म्हणजे हीटरच्या धुराड्यातून उलटी येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ध्यानात ठेव. बाहेर उघडणारं दार ओढल्यासारखं घट्ट बसत असेल, ढकलायला खांदा लावावा लागत असेल, तर आत हवा कमी पडतेय. अशा शेडला आणखी हीटर लावून उपयोग नाही, मेक-अप एअर युनिट लागतं. त्यातलं डायरेक्ट-फायर्ड म्हणजे येणाऱ्या हवेतच ज्योत जळते, धुराडंच नाही, म्हणून गॅसची जवळपास सगळी उष्णता आत येते. पंखे सुरू झाले की ते सुरू, बंद झाले की बंद, असं जोडून घे.

गळती शोधायला मी उदबत्ती वापरतो. सेफ्टीवाल्याला आधी सांगून, आणि रंग, सॉल्व्हंट, तेलकट चिंध्या यांच्या आसपास मुळीच नाही. तिथे विकत मिळणारी धुराची नळी घ्यायची. थंड, वाऱ्याच्या दिवशी डॉकच्या दारापाशी उकिडवी बस. धूर सरळ वर जात असतो आणि लेव्हलरच्या कडेला हात नेलास की एकदम आडवा होतो. रबरी सील मधोमध धड असतं. फाटतं ते खालच्या कोपऱ्यात, जिथे ट्रकचा मागचा भाग घासतो. तिथलं सील बदल, लेव्हलरखालच्या फटीला ब्रश लाव, आणि ज्या दारातून फोर्कलिफ्ट दिवसभर ये-जा करते तिथे झटकन मिटणारं हायस्पीड दार बसव. ही कामं मिरवण्यासारखी नाहीत. मॅनेजरला नवीन बॉयलरचा फोटो जास्त आवडतो. तू मात्र आधी हीच कर.

दुसरी तपासणी थर्मामीटरची. एक माणसाच्या उंचीवर, एक छपराखाली टांग. गरम हवा फुंकणारे युनिट हीटर असतील तर मीटरमागे अर्धा-एक अंश चढलेला सापडतो. खाली लोक कुडकुडतायत आणि वर छपराशी मे महिना. तिथे मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे छताचे पंखे लाव. हिवाळ्यात ते अगदी हळू फिरवायचे, खाली वारा जाणवता कामा नये. वारा लागला की कामगार पहिल्याच दिवशी ते बंद करून टाकतील, आणि बरोबरच करतील.

एवढं झाल्यावर काढ ते कॅटलॉग बाहेर.

उंच शेड, सारखी उघडझाप होणारी दारं, माणसं ठरावीक जागी काम करणारी, असं असेल तर माझं मत इन्फ्रारेड ट्यूब हीटरला. एका टोकाला गॅसचा बर्नर, पुढे लांब पोलादी नळी, वर चकचकीत परावर्तक. महाबळेश्वरला डिसेंबरात सकाळी हवा बोचरी असते तरी उन्हात पाठ शेकते ना, तसंच हे काम करतं: हवा तापवत नाही, फरशी, मशीन आणि माणूस तापवतं. दार उघडलं तर हवा जाते, पण तापलेली फरशी जागेवरच राहते. त्यामुळे हवा दोन-तीन अंश थंड ठेवली तरी कुणी तक्रार करत नाही. थर्मोस्टॅट मात्र काळ्या गोळ्याच्या सेन्सरचा घे. साध्याला हे ऊन कळत नाही, तो हीटर उगाच चालू ठेवतो.

या नळ्यांची पथ्यंही आहेत. खाली रॅकवर रचलेले खोके आणि नळी यांत कंपनीने सांगितलेलं अंतर सुटलंच पाहिजे. आज सुटेल, सहा महिन्यांनी गोदामवाला वर आणखी एक थर रचेल, म्हणून रॅकवर रंगाची रेघ मारून ठेव. जवळच्या स्प्रिंक्लरचे हेड जास्त तापमानाचे लागतात. आणि शेडमध्ये कुठे क्लोरिनवाल्या सॉल्व्हंटने सुटे भाग धुतले जात असतील तर आतली हवा जाळणारा कुठलाच हीटर नको. ती वाफ ज्योतीत गेली की तिचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते नळी आतून खातं आणि माणसांच्या छातीतही जातं. बर्नरला बाहेरची हवा नळीने आणून दे, किंवा पद्धतच बदल.

पाण्यावर चालणारी पद्धत असेल तर विक्रेता कंडेन्सिंग बॉयलर दाखवेल, ९५ टक्क्यांचा. तो ९५ देतो, खोटं नाही, पण परत येणारं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली असेल तरच. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ त्याच्या खालीच पाणी होते आणि आपली उष्णता सोडते. तुझे जुने युनिट हीटर ८२ अंशांच्या पाण्यासाठी निवडलेले असतील, पाणी ७० ला परत येत असेल, तर महागडा बॉयलर साध्यासारखाच ८५-८७ वर चालेल. म्हणून विचारायचं ते असं: ‘माझ्या कॉइल ५० अंशांच्या पाण्यावर किती उष्णता देतील?’ उत्तर लेखी घे. कॉइल मोठ्या कराव्या लागतील, तो खर्च कोटेशनमध्ये दिसला पाहिजे. शिवाय या बॉयलरचं सांडपाणी आम्लयुक्त असतं. चुनखडीच्या खड्यांतून काढावं लागतं आणि ती नळी बाहेरच्या भिंतीवरून नेली तर गोठून बॉयलर बंद पडतो.

वाफेवर शेड गरम करण्याच्या मी विरुद्ध आहे. प्रोसेसला वाफ हवीच असेल तर ठीक, नाहीतर ट्रॅप, कंडेन्सेटची परतीची लाइन, उघड्या व्हॉल्व्हवरचं इन्सुलेशन यांच्या मागे आयुष्य जातं. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या विमानाच्या हँगरला किंवा बसडेपोला झकास. तुमच्याकडे दर वर्षी मशीनं हलतात, अँकर बोल्टसाठी फरशीत भोकं पडतात. एखादं भोक नळीतून गेलं की संपलं.

हीट पंपाबद्दल तू विचारशीलच. बाहेरच्या उणे १५ च्या हवेतून उष्णता ओढायला लावलास तर तो धापा टाकतो. पण मशीनच्या कूलिंगचं कोमट पाणी, कंप्रेसर यांच्यावर लावलास तर सोनं. ठोकताळा सोपा: विजेच्या एका युनिटचा दर भागिले गॅसच्या एका युनिट उष्णतेचा दर. एक घनमीटर गॅसमध्ये साडेदहा युनिट असतात. जुन्या हीटरचं नुकसान त्यातून वजा कर. हीट पंपाचा सीओपी, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे तो देतो ती उष्णता, त्या भागाकारापेक्षा वर असेल तरच बोलणी पुढे. डिमांड चार्ज धरायला विसरू नकोस.

कंप्रेसरचं तर आजच बघ. ७५ किलोवॉटचा स्क्रू कंप्रेसर खातो ती वीज जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एअर-कूल्ड असेल तर डक्ट आणि डॅम्पर लावायचा: हिवाळ्यात गरम हवा शेडमध्ये, उन्हाळ्यात बाहेर. साठ-पासष्ट किलोवॉटचा हीटर फुकट मिळाला. डक्टमुळे मागे दाब वाढून कंप्रेसर तापणार नाही ना, एवढं बनवणाऱ्याला विचार.

क्षमता ठरवताना जो तो आपापला फाजील भाग घालतो, डिझायनर थोडा, कंत्राटदार थोडा, विक्रेता थोडा, आणि बर्नर दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. मागच्या दोन-तीन वर्षांची गॅसची बिलं काढ, त्या त्या महिन्याच्या डिग्री-डेजशी मांड. उन्हाळ्यातलं बिल म्हणजे प्रोसेसचा गॅस, तो वजा कर. शेडला खरोखर काय लागतं ते तिथेच सापडतं. एक भलंमोठं युनिट घेण्यापेक्षा तीन-चार मध्यम घे, एखादं बंद पडलं तरी शेड गोठत नाही. रात्री तापमान उतरव, पण पाण्याने भरलेल्या स्प्रिंक्लर लाइनजवळ कुठेही ४ अंशांच्या खाली नको. आणि हात लावणारा गॅस टेक्निशियन परवानाधारक हवा. ताशी चार लाख बीटीयूच्या वरच्या उपकरणाला ओंटारिओत जी-१ परवाना लागतो, जी-२ चालत नाही.

कोटेशनं मे-जूनमध्ये मागव. पहिल्या थंडीनंतर कंत्राटदार फोन उचलत नाहीत, आणि उचलला तर दर ते ठरवतात. आकडेमोड झाली की मला पाठव, रविवारी बसून बघू.