पिंपळपान आणि पारदर्शक ओतकाम : इपॉक्सी रेझिनची निवड

बोधिवृक्षाचे, म्हणजेच पिंपळाचे, वाळवलेले पान पारदर्शक रेझिनमध्ये जतन करून स्मृतिचिन्हे घडवावीत, असा संकल्प आम्ही विद्यालयाच्या कार्यशाळेत केला. पहिला प्रयत्न फसला. मिश्रण चटका बसेल इतके तापले, पानाभोवती बुडबुडे अडकले आणि ठोकळ्याला तडा गेला. दोष साहित्याचा नव्हता. लेपासाठीचे रेझिन आम्ही चार सेंटिमीटर खोल साच्यात एकदम ओतले होते.

हार्डनरशी संयोग होताना इपॉक्सी रेझिन उष्णता बाहेर टाकते. थर जितका जाड, तितकी ती आत कोंडते. म्हणून निवडीचा पहिला निकष जाडीचा. लेपाचे रेझिन दाट व लवकर घट्ट होणारे. ते काही मिलिमीटरच्या थरासाठीच योग्य. खोल ओतकामाचे रेझिन पातळ व सावकाश घट्ट होणारे असल्याने हवेला वर येण्यास अवधी मिळतो. मात्र त्यासाठी एक ते तीन दिवस धीर धरावा लागतो.

दुसरा निकष प्रमाणाचा. डब्यावरील प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे आधी पाहावे. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्याने ही गल्लत महागात पडते. हार्डनर वाढवल्यास काम लवकर होते, हा समज चुकीचा आहे. त्याने वस्तू मऊ किंवा चिकट राहते.

तिसरा निकष परिस्थितीचा. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो, म्हणून भर पावसाळ्यात ओतकाम टाळावे. पान पूर्ण वाळलेले असावे. गुळगुळीतपणा साच्यातून येतो : साचा चकचकीत असेल, तरच वस्तू चकचकीत निघते. वस्तू उन्हात ठेवल्यास कालांतराने पिवळी पडते. हातमोजे आणि हवेशीर जागा अनिवार्य आहेत, कारण कच्च्या रेझिनने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना केला होता. आम्हीही आता प्रत्येक नव्या डब्यातून प्रथम एक छोटा नमुना ओततो आणि तो पूर्ण कडक झाल्यावरच मोठ्या साच्याकडे वळतो. माजी विद्यार्थ्यांच्या हाती येणारे प्रत्येक पान निर्मळ दिसावे, यासाठी एवढा संयम आम्हांला आवश्यक वाटतो.