आठ दिवसांची वही

(आमच्या शाळेत शिकून पुढे महाविद्यालयात गेलेले तीन विद्यार्थी आठ दिवसांच्या अभ्यास सहलीसाठी दक्षिण कोरियाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या वहीतील नोंदी वर्गात वाचून दाखवल्या. त्या नोंदींवर हा पाठ आधारित आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, परदेशातून आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? "तिथून काय आणलेत?" आमच्या वर्गातील मुलांनीही हेच विचारले. तिघांनी पिशवीतून एक वही काढली व म्हटले, "हीच आणली."

प्रथम मुलीने वाचायला सुरुवात केली.

"सोल ही दक्षिण कोरियाची राजधानी. तेथे राजवाड्यासमोरच्या चौकात सेजोंग राजाचा भव्य पुतळा आहे. राजाच्या हातात तलवार नाही, पुस्तक आहे. पूर्वी कोरियात चिनी लिपी वापरत. ती शिकायला अनेक वर्षे लागत. त्यामुळे गरीब माणसाला आपले दुःख लिहून कळवता येत नसे. म्हणून सेजोंगने 1443 साली नवी लिपी तयार केली आणि 1446 साली ती लोकांना दिली. दरबारातील काही विद्वानांनी विरोध केला, पण राजा मागे हटला नाही."

मित्रांनो, तुम्ही आता 'न' म्हणून पाहा. जीभ कोठे टेकली? वरच्या दातांमागे. कोरियन लिपीतील 'न' चा आकार अशा उचललेल्या जिभेसारखाच आहे. 'म' चे अक्षर तोंडासारखे, चौकोनी आहे. आज या लिपीत 24 मूळ अक्षरे आहेत. जपानी राजवटीच्या शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा बंद पाडण्यात आली. तरी लोकांनी ती सोडली नाही. 9 ऑक्टोबरला तेथे लिपीचा दिवस साजरा होतो.

मुलीने पुढे वाचले, "कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येते, जसे उर्दूत आणि मराठीत येते. थोरांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते. मुले आईला 'ओम्मा' आणि वडिलांना 'आप्पा' म्हणतात! एकदा बाजारात मी कोरियन भाषेत आभार मानले. उच्चार चुकला. दुकानदार बाई मला हसल्या नाहीत. त्यांनी तो शब्द तीनदा सावकाश म्हणून दाखवला. तेव्हा मला शाळेतला मराठीचा तास आठवला. चूक होईल या भीतीने मी मागच्या बाकावर गप्प बसत असे. किती वर्षे वाया घालवली मी!"

दुसऱ्या विद्यार्थ्याची नोंद घरातल्या रीतीभातींविषयी होती.

"पादत्राणे दाराशी काढून आम्ही आत गेलो. जमीन उबदार होती. पूर्वी चुलीचा धूर आणि उष्णता जमिनीखालच्या वाटांनी नेऊन घर गरम ठेवत. आता त्याऐवजी गरम पाण्याच्या नळ्या असतात. घरातील आजींनी चमचा उचलला, मगच इतरांनी जेवण सुरू केले. कोणतीही वस्तू थोरांना दोन्ही हातांनी देतात. ताटात किमची होती. किमची म्हणजे मीठ लावून, मिरची व लसूण घालून आंबवलेला कोबी. पहिल्याच घासाला मी नाक मुरडले. आजींनी ते पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. नंतर कळले, की हिवाळ्याआधी शेजारीपाजारी एकत्र जमून किमची घालतात, जशी आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-लोणची होतात. मी मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला."

तिसऱ्याने वही हातात घेतली. त्याचा आवाज हळू झाला.

"1950 ते 1953 या काळात कोरियात युद्ध झाले. देशाचे दोन तुकडे कायम राहिले. मध्ये चार किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांची देखरेख भारतीय सैन्यदलाने केली. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात हे महाराष्ट्राचे होते. आम्ही सीमेजवळच्या इमजिनगाक येथे गेलो. तेथे गोळ्यांनी चाळण झालेले एक रेल्वे इंजिन ठेवले आहे. सणाच्या दिवशी ताटातूट झालेली कुटुंबे तेथे जमतात आणि उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना वंदन करतात. आम्ही गेलो त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ तेथे एकटेच उभे होते. त्यांचा थोरला भाऊ उत्तरेत राहिला होता. तो जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. माझा भाऊ तर आमच्याच गल्लीत राहतो. घराच्या वाटणीवरून आम्ही दोन वर्षे बोललो नव्हतो. आमच्यामध्ये कोणतेही तारेचे कुंपण नव्हते. परत आलो, त्याच संध्याकाळी मी त्याच्या दारावर थाप मारली."

त्याने वही मिटली. वर्गात कोणीच काही विचारले नाही.

मित्रांनो, तुम्ही कोरियाला जाल किंवा न जाल. पण एक वही घ्या. शेजारच्या घरात, दुसऱ्या मोहल्ल्यात, नव्या गावात जे पाहाल ते लिहा. आणि शेवटी एक ओळ स्वतःविषयीही लिहा.

शब्दार्थ
रीतीभाती : वागण्याच्या पद्धती
पादत्राणे : चपला, बूट
नाक मुरडणे : नापसंती दाखवणे
ताटातूट होणे : एकमेकांपासून दूर होणे

स्वाध्याय
1. सेजोंग राजाने नवी लिपी का तयार केली?
2. मुलीला मराठीचा तास का आठवला?
3. 'आमच्यामध्ये कोणतेही तारेचे कुंपण नव्हते' असे तिसरा विद्यार्थी का म्हणतो?
4. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नव्या ठिकाणाविषयी दहा ओळी लिहा.