गरिबांचे वकीलपत्र

न्यायालयाचे दार सर्वांना सारखेच उघडे असते. परंतु त्या दारातून आत गेल्यावर कोणापुढे उभे राहावे, काय बोलावे, कोणता अर्ज केव्हा द्यावा, हे सामान्य माणसास ठाऊक नसते. ते ठाऊक असतो वकिलास. आणि वकिलास देण्यापुरते पैसे ज्याच्या गाठीस नाहीत, त्याला उघडे दारही बंदच असते.

जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस' ह्या वृत्तपत्रात बिहारमधील तुरुंगांविषयी काही लेख आले. लिहिणारे होते खुस्रो रुस्तमजी. नागपूरजवळच्या कामठी गावी जन्मलेले हे गृहस्थ सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख होते. आयुष्य पोलीस खात्यात गेलेल्या ह्या अधिकाऱ्यासही तुरुंगातील दृश्य पाहून वाईट वाटले. शेकडो माणसे तेथे वर्षानुवर्षे पडून होती आणि त्यांचे खटले उभेच राहिले नव्हते. अपराध शाबीत होऊन पुरी शिक्षा झाली असती, तरी तीही कित्येकांची केव्हाच भोगून झाली असती. काही स्त्रियांवर तर कोणताच आरोप नव्हता. दुसऱ्याच्या खटल्यात त्यांची साक्ष हवी, म्हणून 'संरक्षणासाठी' त्यांस कोंडून ठेवले होते. संरक्षणाची ही तऱ्हा विलक्षणच म्हटली पाहिजे!

तपास ठरलेल्या मुदतीत पुरा झाला नाही, तर कैद्यास जामिनावर सुटण्याचा हक्क कायद्याने तेव्हाही दिलेला होता. परंतु हा हक्क मागावा लागे. तो आहे, हेच त्या बिचाऱ्यांस कोणी सांगितले नव्हते. आणि कळले असते, तरी जामिनाची रक्कम कोठून आणावयाची?

ते लेख दिल्लीत कपिला हिंगोरानी ह्या वकील स्त्रीच्या वाचनात आले. एखाद्यासाठी न्यायालयात उभे राहावयाचे, तर त्याने किंवा त्याच्या आप्ताने वकीलपत्र द्यावे लागते. हिंगोरानींपाशी कोणाचेही वकीलपत्र नव्हते. तरीही त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि न्यायालयाने तो ऐकला. हुसैनारा खातून ह्या कैदी स्त्रीच्या नावाने तो खटला आजही ओळखला जातो. न्यायमूर्ती पी. एन. भगवती ह्यांनी ९ मार्च १९७९ रोजी निर्णय दिला, की गरीब आरोपीस सरकारने विनामूल्य वकील दिला पाहिजे. तो नसेल, तर खटल्याची रीत न्याय्य ठरत नाही. घटनेत अनुच्छेद '३९क' १९७६ च्या दुरुस्तीने आलाच होता. पैशाच्या अभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे त्याचे सांगणे. त्या कोरड्या अक्षरांस ह्या खटल्याने प्राण दिला. अनेक कैदी केवळ स्वतःच्या हमीपत्रावर सुटले.

मुंबईतही असाच एक प्रसंग घडला. शीला बारसे ह्या पत्रकार स्त्रीने १९८२ साली तेथील कारागृहात पंधरा स्त्री-कैद्यांच्या भेटी घेतल्या. पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाली, असे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बारसे ह्यांनी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले. निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेस तुरुंगात पाठवून चौकशीही करविली. फेब्रुवारी १९८३ मध्ये आज्ञा झाली : कोणासही अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीस कळवावे, स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री-शिपाईच पहारा करतील, अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजी ह्या तिन्ही भाषांत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. ज्यास वाचता येत नाही, त्याचे काय? त्याचाही विचार न्यायालयाने केला होता. त्यास समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावे, असे आज्ञेत स्पष्ट म्हटले होते.

पुढे ह्यासाठी १९८७ चा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्यान्वये जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण व तालुक्याला विधी सेवा समिती असते. तिची कचेरी न्यायालयाच्या आवारातच सापडते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कामगार, आपत्तिग्रस्त आणि कैदी ह्यांस तेथे उत्पन्न न पाहता वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. वकिलाचे शुल्क, न्यायालयाचे शुल्क, कागदपत्रांच्या नकला, हा सारा खर्च समिती करते. शेताच्या बांधाचा तंटा किंवा थकलेली मजुरी अशी प्रकरणे लोकअदालतीत समेटाने मिटतात, आणि तेथील निवाड्यावर अपील नसते. एखाद्या निराधार वृद्धेला सरकारी अनुदान मिळावयाचे असेल, तर अर्ज कोठे द्यावा, दाखला कोणता जोडावा, हे विधी स्वयंसेवक समजावून देतात. कचेरी दूर असल्यास १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता न येणाऱ्याने आपली हकीकत तोंडी सांगावी. कचेरीतील मनुष्य ती लिहून घेतो, लिहिलेले त्यास वाचून दाखवितो, त्याचा अर्थ समजावून सांगतो, आणि मगच त्याखाली त्याचा अंगठा घेतो.